जुना लेथ घेताना रंग पाहू नका, बेड पाहा



या पानावर मी दर वेळी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय जरा निराळा आहे. कारणही तसेच घडले. उसाचे बिल खात्यावर जमा झाल्यानंतर दोन सभासद माझ्याकडे गट कार्यालयात येऊन गेले. एकाचा मुलगा आयटीआयमधून टर्नरचा कोर्स करून आलेला. दुसरे निवृत्त शिक्षक. त्यांना लहान लहान इंजिनांच्या प्रतिकृती बनवण्याची भारी हौस. दोघांचा प्रश्न मात्र एकच होता, "साहेब, गोठ्याशेजारच्या खोलीत एक जुना लेथ टाकावा म्हणतोय. तुम्ही घेतलाय. काय बघून घ्यावा?"

उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही. चुकीचे मशीन घेतले तर वर्षभराच्या घामाचे पैसे बिडाच्या ओझ्यात अडकून पडतात. म्हणून सविस्तर लिहितो आहे. मी काही इंजिनिअर नव्हे. कृषी पदविका घेऊन उसाच्या फडातून फिरणारा माणूस. पण घरामागे माझे एक छोटे वर्कशॉप आहे, रविवारचा दिवस तिथे जातो, आणि या बाबतीत मी एकदा चांगलाच फसलेलो आहे. फसलेल्या माणसाचा सल्ला पुष्कळदा उपयोगी पडतो.

आधी माझी फसगत

२०११ सालची गोष्ट. शहरातल्या एका जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याकडे मी साडेचार फुटी लेथ पाहिला. हिरवागार ताजा रंग, हँडल चकचकीत, बेडवर तेल चोपडलेले. व्यापाऱ्याने बटण दाबले, चक गरगर फिरला, आवाजही ठीक वाटला. मी विचारले, "एखादा तुकडा कापून दाखवता का?" तो म्हणाला, "साहेब, टूलला धार नाही आत्ता. पण बघा की, कसं गुळगुळीत चालतंय!" माझे मन आधीच मशीनवर बसले होते. इसार दिला आणि आठवड्यात मशीन घरी आणले.

पुढचे तीन महिने मी स्वतःला दोष देत बसलो. मोनोब्लॉक पंपाच्या शाफ्टवर बेअरिंगची जागा काढायला जावे, तर एका टोकाला बेअरिंग घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल. सहा इंच लांबीत पाच थाऊचा फरक पडायचा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पाच थाऊ म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा फरक. ऐकायला क्षुल्लक, पण बेअरिंगला तो चालत नाही. मी टूलला पुन्हा पुन्हा धार लावली, टेलस्टॉक इकडे तिकडे सरकवून पाहिला, पुस्तके चाळली. शेवटी वाटू लागले, हे काम आपल्या हाताचे नाही. वर्कशॉपला कुलूप घातले.

आपल्या कारखान्याच्या मशीन शॉपमधले टर्नर मिस्त्री एकदा घरी चहाला आले होते. त्यांना सहज मशीन दाखवले. त्यांनी मशीन सुरूसुद्धा केले नाही. बेडवरचे तेल फडक्याने पुसले, अंगठ्याचे नख बेडच्या धारेवरून टेलस्टॉककडून चकाकडे ओढत नेले आणि एका जागी थांबले. "सायेब, हितं पायरी लागती बघा नखाला. हात न्हाई चुकत तुमचा. बेड खाल्लाय ह्यो."

पैसे गेले याचे वाईट वाटलेच. पण त्याहून अधिक लागले ते हे की, तीन महिने मी स्वतःच्या हातावरचा विश्वास घालवून बसलो होतो. नवशिक्या माणसाच्या हातात खराब मशीन गेले की तो मशीनला नव्हे, स्वतःला नालायक समजतो. आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोराच्या बाबतीत तर हे फार घातक. म्हणून हा लेख.

खोडवा ठेवताना आपण काय करतो? वरचा हिरवा पाला पाहून ठरवत नाही. बुडखा पाहतो, तुटाळ मोजतो, मग निर्णय घेतो. जुना लेथ म्हणजे खोडवाच समजा. रंग हा त्याचा पाला आणि बेड हा बुडखा.

जुने लेथ येतात कुठून?

आपल्याकडे लेथ ही परकी वस्तू राहिलेली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथल्या लोखंडी नांगरांनी आपल्या भागातली शेती बदलली. पुढे १९४१ साली त्याच घराण्याने हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना लेथ आणि तत्सम यंत्रे बनवण्यासाठी काढला. १९५३ साली बंगळूरला एचएमटी हा सरकारी कारखाना स्विस कंपनीच्या सहकार्याने निघाला. त्याखेरीज पंजाबात बटाला आणि गुजरातेत राजकोट इथे लहानमोठ्या कारखान्यांतून लेथ तयार होतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर यांच्या जिवावर गल्लोगल्ली कामे चालत आली.

आता अनेक वर्कशॉपवाल्यांनी संगणकावर चालणारी सीएनसी मशीन घेतली. त्यामुळे हाताने चालवायचे जुने लेथ विक्रीला निघतात. काही कारखाने बंद पडतात, त्यांचा लिलाव होतो. एखादा म्हातारा टर्नर धंदा आवरता घेतो. या तिन्हींत शेवटचा प्रकार मला सर्वांत पसंत. ज्याने वीस वर्षे एकाच मशीनवर पोट भरले, तो त्याला तेल घालायला सहसा विसरत नाही. शिवाय मशीन चालू स्थितीत, कामावर असताना पाहायला मिळते. व्यापाऱ्याच्या गोदामातले मशीन मात्र कुठून आले, कसे वापरले, हे कळायला मार्ग नसतो. व्यापारी सगळेच वाईट असतात असे नाही, पण तिथे तपासणी दुप्पट करावी.

नावावर जाऊन भुलू नये, हेही सांगतो. चांगल्या नावाचा पण दोन पाळ्यांत वीस वर्षे घासलेला लेथ, साध्या नावाच्या पण कमी वापरलेल्या लेथपेक्षा वाईट असू शकतो. को-८६०३२ हे नाव ऐकून कोणी रोगट बेणे लावत नाही, तसेच हे.

आकार किती घ्यावा?

आपल्याकडे लेथ बेडच्या लांबीवर विकला जातो. साडेचार फुटी, सहा फुटी असे म्हणतात. इथे एक गैरसमज होतो. साडेचार फूट ही बेडची लांबी झाली, जॉबची नव्हे. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक त्याच बेडवर बसतात. त्यामुळे साडेचार फुटी लेथवर दोन सेंटरच्या मध्ये दोन फुटांच्या आसपास आणि सहा फुटी लेथवर सव्वातीन फुटांच्या आसपास जॉब बसतो. मेकप्रमाणे यात कमीजास्त होते, म्हणून टेप लावून मोजावे.

दुसरे माप सेंटरच्या उंचीचे. बेडपासून सेंटर सहा इंच उंच असेल तर बेडवर फार तर बारा इंच व्यासाची वस्तू फिरेल. पण सॅडलच्या वरून जाताना हा व्यास बराच कमी होतो, हे ध्यानात ठेवावे. गॅप बेड असेल, म्हणजे चकाजवळचा बेडचा तुकडा काढता येत असेल, तर मोठी पुली किंवा फ्लँजही धरता येते. मात्र तो तुकडा जागच्या जागी नीट बसतो ना, हे बघावे. एकदा काढून बेपर्वाईने बसवला असेल तर सांध्यावर उंचवटा राहतो.

तिसरे, स्पिंडलचे आरपार भोक. शाफ्ट त्यातून मागे जाऊ शकला तर लांब कामे सोपी होतात.

घरगुती हौसेला आणि शेतीतल्या किरकोळ दुरुस्तीला साडेचार फुटी लेथ पुरेसा आहे, असे माझे मत. सहा फुटी घ्यायचा तर जागा, पाया आणि वीज या तिन्हींचा आधी विचार करावा. आपल्या पायापेक्षा मोठी चप्पल घेऊ नये.

तपासणी कशी करावी?

जाताना सोबत फडके, बॅटरी, लोहचुंबकी स्टँडसह डायल गेज, मायक्रोमीटर, धार लावलेले एक टूल आणि साधारण दीड इंच जाडीचा माइल्ड स्टीलचा वीतभर लांब तुकडा न्यावा. डायल आणि मायक्रोमीटर नसेल तर ओळखीच्या टर्नरकडून मागून न्यावा, किंवा टर्नरलाच सोबत न्यावे. त्याचा एक दिवसाचा रोजगार द्यावा. तो खर्च वाया जात नाही.

(१) बेड. लेथचा बेड चकाजवळच्या दीड-दोन फुटांत सर्वांत जास्त झिजतो, कारण रोजचे काम तिथेच चालते. टेलस्टॉककडचा शेवटचा भाग जवळजवळ नवा राहतो. प्रथम तेल पुसून काढा. मिस्त्रींनी केले तसे नख फिरवून पाहा. नंतर सॅडल चकाजवळ आणा आणि त्याचा लॉक स्क्रू इतकाच आवळा की सॅडल जड पण सरकते राहील. आता हँडल फिरवून ते टेलस्टॉककडे न्या. सगळीकडे सारखेच जड चालले तर उत्तम. मध्येच अडकून पडले, तर चकाजवळचा बेड झिजला आहे असे समजावे. थोडे जड होणे जुन्या मशीनला चालून जाते. पूर्ण अडकणे चालत नाही. बेडवर हातोडीचे घाव, हॅकसॉचे चरे किती आहेत, यावरून आधीच्या मालकाचा स्वभावही कळतो.

(२) बिडाचे भाग. बॅटरी घेऊन हेडस्टॉक, बेडचे पाय, टेलस्टॉक आणि गॅपजवळचा कोपरा बारकाईने पाहा. तडा किंवा वेल्डिंगचा मणी दिसला तर विचारपूस करा. बिडाला वेल्डिंग धरते, पण प्रत्येक वेळी नीट धरेलच असे नाही. पुट्टी भरून रंग दिलेला भाग नखाने टोकरून बघायला लाजू नका.

(३) स्पिंडल. डायलचे टोक चकावर नव्हे, चकामागच्या स्पिंडलच्या मानेवर टेकवा. चकाखाली लाकडी दांडा घालून हलकेच वर उचला. काटा एक-दोन शतांश मिलिमीटर हलला तर काळजी नाही. पाच शतांशाच्या पुढे गेला तर बेअरिंग सैल आहे. जुन्या लेथला गनमेटलचे बुश असतात, ते काही प्रमाणात आवळता येतात. टेपर रोलर बेअरिंगही आवळता येते. म्हणून एवढ्यावरून मशीन नाकारू नये, पण किंमत कमी करून घ्यावी. नंतर मध्यम वेगावर वीस मिनिटे मशीन चालू ठेवा. बंद करून बेअरिंगच्या जागी हात लावा. कोमट लागले तर ठीक, चटका बसला तर नाही.

(४) चक. तीन जबड्यांचा चक जुना झाला की जबड्यांची तोंडे फाकतात. त्यात धरलेला शाफ्ट तीन-चार थाऊ हलला, म्हणून स्पिंडलला दोष देऊ नये. चक बदलता येतो, स्पिंडल बदलणे अवघड. चार जबड्यांचा चक सोबत मिळाला तर तो सोडू नका. त्यात डायल लावून जॉब पाहिजे तितका मध्यावर आणता येतो.

(५) गिअर. हेडस्टॉकचे झाकण उघडून दात मोजून नव्हे, पण पाहून घ्या. तुटका दात, वेल्ड केलेला दात लपत नाही. सगळे वेग एकेक करून चालवून ऐका. बॅक गिअर टाकून हळू वेगावरही चालवा. एखाद्या विशिष्ट वेगालाच ठोके पडत असतील, तर त्याच जोडीत दोष आहे.

(६) लीड स्क्रू आणि हाफ नट. आटे पाडण्याचे काम यांच्यावर. लीड स्क्रूचे टेलस्टॉककडचे आटे आणि चकाजवळचे आटे शेजारी शेजारी नजरेत घ्या. चकाजवळ आटे अणकुचीदार, बारीक झाले असतील तर झीज आहे. हाफ नट अडकवून सॅडल मागेपुढे हलवा, किती ढिले आहे ते कळेल.

(७) बदलायचे गिअर. जुन्या लेथचा लीड स्क्रू बहुधा इंची असतो. त्यावर मिलिमीटरचे आटे बरोब्बर पाडायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट १२७, हे त्यामागचे गणित. हा गिअर आणि बाकीचा संच मशीनसोबत आहे का, हे विचारा. "आहे कुठंतरी, पाठवून देतो" यावर विश्वास ठेवू नये. गाडीत मशीन चढताना गिअर पिशवीत पाहिजेत.

(८) क्रॉस स्लाईड आणि टेलस्टॉक. क्रॉस स्लाईडचे हँडल उलट फिरवताना किती रिकामे फिरते ते पाहा. पाव फेरा रिकामा गेला तरी घाबरू नका. आतला गनमेटलचा नट बदलला की पुष्कळ फरक पडतो, आणि तो नट पुढे तुम्ही स्वतःच बनवू शकता. टेलस्टॉकचे सेंटर चकाकडच्या सेंटरला टोकाला टोक लावून पाहा. बाजूला सरकलेले असेल तर स्क्रूने जुळते. खाली बसलेले असेल तर तळ झिजला आहे. पातळ पत्रा घालून काम भागते.

(९) शेवटी कापून पाहा. ही परीक्षा सोडून इसार देऊ नये. आणलेला तुकडा चकात धरून चार-पाच इंच बाहेर ठेवा. टेलस्टॉकचा आधार देऊ नका. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच रुंदीची पट्टी राहील असा मधला भाग थोडा खोल काढून टाका. मग टूलला हात न लावता, एकाच सेटिंगवर दोन्ही पट्ट्यांवरून हलका शेवटचा काप घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. दोन शतांश मिलिमीटरपर्यंत फरक आला तर मशीन फारच चांगले. पाच शतांशापर्यंत घरगुती कामाला चालेल. दहाच्या पुढे गेला तर थांबा. पण लगेच नाकारूही नका. मशीन वाकड्यातिकड्या फरशीवर ठेवले असेल तर बेडला पीळ पडतो आणि असाच फरक येतो. पाणसळ ठेवून बघा. नख, सॅडल आणि काप या तीनही परीक्षा बेडविरुद्ध बोलत असतील, तर मात्र नमस्कार करून परत यावे.

काय दुरुस्त होते, काय होत नाही

मोटर, बेल्ट, स्विच, टूलपोस्ट, क्रॉस स्लाईडचा नट, चक, बुश या गोष्टी बदलता येतात. यांच्यासाठी चांगला बेड सोडू नये. पैसे मात्र कमी करून घ्यावेत.

बेडचे तसे नाही. बेड ग्राइंडिंग करून देणारे आहेत. पण बेड घासला की सॅडल खाली उतरते. सॅडल उतरले की खालचा एप्रन आणि लीड स्क्रू एका रेषेत राहत नाहीत, टेलस्टॉकची उंचीही जुळत नाही. मग सगळेच पुन्हा जुळवावे लागते. हौशी माणसाच्या खिशाला हे परवडत नाही. स्पिंडलला पडलेला चरा, हेडस्टॉकचा तडा, न मिळणारे गिअर यांचेही तसेच. हरिहरचा कारखाना आता बंद झालेला आहे. तेव्हा जुन्या मेकचे भाग मिळतात का, हे आधी बाजारात विचारून ठेवावे.

खर्चाचा अंदाज बांधताना माझा एक साधा हिशेब आहे. जवळ असलेल्या रकमेचे तीन भाग करा. दोन भाग मशीनला आणि एक भाग चक, टूल, ड्रिल चक, मोजमापाची साधने, वाहतूक, पाया आणि वायरिंग यांना. सगळी रक्कम मशीनवर घातली तर मशीन वर्षभर झाकून ठेवावे लागते. आणि पेरणीचे, मुलांच्या फीचे किंवा सोसायटीच्या हप्त्याचे पैसे यात घालू नयेत. हौस ती हौस, ती कर्जाने करू नये.

कागदपत्र, वाहतूक, वीज

मशीनची पावती घ्यावी आणि तीत मेक, नंबर आणि सोबतच्या वस्तूंची यादी लिहून घ्यावी. मशीनवर बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज बाकी नाही, असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. तारण असलेले मशीन घेऊन नंतर पंचाईत झालेली मी पाहिली आहे.

अशा लेथचे वजन अर्ध्या टनापासून टनाच्या पुढेही असते, आणि सगळा भार हेडस्टॉककडे व वरच्या बाजूला असतो. तो सहज कलंडतो. हलवण्याआधी टेलस्टॉक आणि सॅडल दुसऱ्या टोकाला नेऊन घट्ट करावे, म्हणजे तोल थोडा साधतो. दोर किंवा पट्टा बेडला घालावा. लीड स्क्रूला किंवा हँडलला घातला तर ते वाकलेच म्हणून समजा. ट्रॉलीत मशीन जाड फळ्यांवर बोल्टने बसवून चारी बाजूंनी बांधावे. उतरवताना चेन पुली वापरावी. दहा माणसे गोळा करून "हय्या हो" करण्याचे हे काम नव्हे. मशीन कलू लागले तर कोणीही हाताने सावरायला जाऊ नये. मशीन पडले तर पडू द्यावे.

जागेवर काँक्रीटचा पाया करून पाणसळीने लांबीत आणि रुंदीत पातळी साधावी. महिन्याने पुन्हा तपासावी. काळ्या रानातल्या खोलीत जमीन फुगते-आक्रसते, म्हणून पाया खोल घ्यावा.

विजेबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शेतीपंपाच्या जोडणीवर लेथ चालवू नये. ती जोडणी त्या कामासाठी दिलेली नाही. वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात विचारून योग्य जोडणी घ्यावी. घरात सिंगल फेज असेल तरी एक-दोन हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर व्हीएफडी लावून चालवता येते. मोटरची जोडणी त्याप्रमाणे बदलावी लागते, ते काम जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे. अर्थिंग पक्के हवे. थ्री फेजवर चालवणार असाल तर फेज उलटले की चक उलटा फिरतो, हेही लक्षात ठेवा. जुन्या लेथवर चक आट्यांवर बसवलेला असतो. झटक्याने उलटा फिरला तर तो सुटून अंगावर येऊ शकतो.

जिवाला जपा

आपल्या कारखान्यात गाळप बंद झाल्यावर मिलचे रोलर लेथवर चढवून त्यांच्या खाचा पुन्हा काढतात, ते काम ज्यांनी पाहिले असेल त्यांना लेथची ताकद सांगायला नको. घरचा लेथ लहान असला तरी तो हात ओळखत नाही.

उपरणे, टॉवेल, लांब बाही, धोतराचा सोगा, साडीचा पदर, गळ्यातली साखळी, मोकळे केस, हातातले कडे आणि अंगठी, यांपैकी काहीही घेऊन फिरत्या चकाजवळ जाऊ नये. हातमोजे घालून लेथ चालवू नये. मोजा अडकला की हात ओढला जातो. चकाची किल्ली एक क्षणही चकात ठेवू नये. चक घट्ट केला की किल्ली बाहेर, हीच सवय लावावी. लोखंडाचा कीस हाताने ओढू नये, आकडा वापरावा. डोळ्यांना चष्मा हवा. पोरे खेळत खोलीत येतात, म्हणून खोलीला कडी आणि मशीनला हाताशी येईल असा बंद करायचा लाल स्विच असावा. आणि रात्री दमून आल्यावर "एवढं एकच बुश काढतो" म्हणून मशीनला हात लावू नये.

शेवटचे दोन शब्द

तो झिजलेला लेथ मी पुढे विकला. घेणाऱ्याला बेडची अवस्था नख लावून दाखवली आणि भंगाराच्या भावाच्या थोडे वर घेऊन मोकळा झालो. त्याला फक्त रॉडचे तुकडे कापायचे होते, त्याचे काम भागले. दुसऱ्या वेळी मिस्त्रींना बरोबर घेतले. पहिली दोन मशीन पाहून हात हलवत परत आलो. तिसरे एका वयस्कर टर्नरच्या घरी मिळाले. रंग उडालेला, पत्र्याच्या झाकणाला पोचे, पण बेडवर नख कुठे थांबले नाही. आणलेला तुकडा त्यांनी स्वतःच कापून दिला आणि मायक्रोमीटर माझ्या हातात ठेवत म्हणाले, "तुम्हीच मोजा." दीड शतांशाचा फरक आला. त्या दिवशी घरी येऊन मी जुना पंपाचा शाफ्ट काढला आणि बेअरिंगची जागा केली. बेअरिंग अंगठ्यांच्या दाबाने सरकत गेले आणि जागेवर बसले. हात माझाच होता, तीन महिने ज्याला बोल लावत होतो तोच.

तेव्हा घाई करू नका. मशीनवर मन बसण्याआधी नख बसवा. विक्रेता काप घेऊन दाखवायला तयार नसेल तर तेच त्याचे उत्तर समजा. मशीन ठरवलेत आणि इसार अजून दिला नसेल, तर गट कार्यालयात मला भेटा. माझा डायल आणि मायक्रोमीटर दोन दिवस वापरायला देईन. मिस्त्रींनाही विचारून ठेवले आहे. गाळप बंद असताना रविवारी यायला ते तयार आहेत. त्यांना चहा मात्र गुळाचा लागतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी